मेंदूचा कित्ता गिरविणारी चिप

पावसाची नोंद कशी घेतली जाते हे या मासिकाच्या अनेक वाचकांना सवयीने ठाऊक असेल. सकाळी साडेआठ वाजता कर्मचाऱ्याने पर्जन्यमापकाजवळ जावयाचे, नरसाळ्याखाली जमलेले पाणी मोजपात्रात ओतावयाचे आणि आकडा नोंदवहीत उतरवावयाचा. आठवडाभर उघडीप असली तरी हा नेम चुकत नाही. रोज एक शून्य लिहिले जाते. अलीकडे महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. अशा केंद्रांतील एका प्रचलित पर्जन्यमापकात चिमुकल्या तराजूसारखी दोन वाट्यांची जोडी असते. एका वाटीत ठराविक पाणी साठले की ती कलंडते, रिकामी होते आणि कलंडताना विजेचा एक ठोका पाठविते. लगेच दुसरी वाटी तिच्या जागी येते. पाऊस नसेल तर ठोका नाही. रिमझिम असेल तर अधूनमधून एखादा, मुसळधार असेल तर ठोक्यांवर ठोके.

पहिला मापक घड्याळाचा चाकर आहे, दुसरा पावसाचा. आपल्या कचेरीतील संगणक पहिल्याच्या जातीचा आहे. त्याच्या पोटातील घड्याळ सेकंदाला काही अब्ज ठोके देते आणि त्या ठोक्यांच्या तालावर त्याचा सारा कारभार चालतो. आपला मेंदू मात्र दुसऱ्या मापकासारखा आहे. काही घडले तरच त्यातील पेशी बोलतात, एरवी बहुतेक पेशी गप्प असतात. मेंदूचा हा स्वभाव सिलिकनच्या चिपमध्ये उतरविण्याचा प्रयत्न गेली सुमारे चाळीस वर्षे चालू आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे सूत्रे बाजूस ठेवून, या प्रयत्नामागची कल्पना काय आणि तो आज कोठवर आला आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

वीस वॅटचा कारभार

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यापैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. विजेच्या मापात सांगावयाचे तर हा खर्च सुमारे २० वॅट, म्हणजे घरातील दोन एलईडी दिव्यांइतका होतो. एवढ्या भांडवलावर माणूस आठवडी बाजाराच्या गर्दीत ओळखीचा चेहरा हेरतो, घासाघीस करतो आणि शेजारच्या घरातील फोडणी करपल्याचे ओसरीवर बसून सांगतो.

अमेरिकेतील ओक रिज येथील ‘फ्रंटियर’ या महासंगणकाने २०२२ साली सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतकी गणिते करण्याचा टप्पा ओलांडला. त्या कामगिरीच्या वेळी त्याला सुमारे २१ मेगावॅट वीज लागली. मेंदूच्या गरजेच्या ती सुमारे दहा लाख पट भरते. ही तुलना अर्थातच सरळ नाही. पंधरा आकडी संख्यांचा गुणाकार मेंदूला क्षणात करता येत नाही आणि महासंगणकाला फोडणीचा वास येत नाही. तरीही पाहणे, ऐकणे, ओळखणे अशी जी कामे आता आपण यंत्रांकडून करवून घेऊ लागलो आहोत, ती मुळात मेंदूचीच कामे आहेत आणि त्यांचे वीजबिल वाढत चालले आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगभरातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या हे प्रमाण सुमारे दीड टक्का आहे. २०३० सालापर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असे त्याच संस्थेने २०२५ साली म्हटले आहे. देशातील अशा केंद्रांचा सर्वांत मोठा समूह मुंबई व नवी मुंबई परिसरात आहे. ऐरोली-महापे पट्ट्यातून जाणाऱ्यास त्यांच्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती सहज दिसतात.

गळकी घागर

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशीचे चित्र असते. एका टोकाला वृक्षिकांच्या फांद्या, मधे पेशीचे शरीर आणि दुसऱ्या बाजूस लांब अक्षतंतू अशी तिची रचना असते. एका पेशीचा अक्षतंतू दुसरीच्या जेथे जवळ येतो ते संपर्कस्थान. मानवी मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत आणि एकेका पेशीची हजारो संपर्कस्थाने असू शकतात. इटलीच्या गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने या पेशी रंगवून दाखविल्या. तीच पद्धत वापरून स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी मेंदू म्हणजे सलग जाळे नसून सुट्या पेशींची वसाहत आहे असे प्रतिपादन केले. गोल्जींना ते अखेरपर्यंत मान्य नव्हते. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक मात्र दोघांना मिळून देण्यात आले.

चेतापेशी काम कसे करते हे समजण्यासाठी एक गळकी घागर डोळ्यांपुढे आणावी. तिच्या तोंडावर शेकडो बारीक नळ्या सोडलेल्या आहेत. दुसऱ्या पेशीकडून ठोका आला की त्या नळीतून थोडे पाणी पडते. काही नळ्या उलट पाणी उपसून घेणाऱ्याही आहेत. घागरीच्या बुडाला छिद्र असल्यामुळे पाणी सावकाश गळत असते. थेंब विरळ पडले तर घागर कधीच भरत नाही. थोड्या अवधीत पुष्कळ थेंब आले तरच पाणी काठाला लागते. घागर एकदम कलंडते आणि अक्षतंतूच्या वाटेने एक ठोका पुढे जातो. मग पुन्हा रिकामी घागर. ठोका लहान किंवा मोठा नसतो, तो एक तर असतो किंवा नसतो. निरोप दडलेला असतो तो कोणती घागर, केव्हा व किती वेळा कलंडली यात. या ठोक्यामागील विजेचे गणित हॉजकिन व हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी समुद्रातील स्क्विड या प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ साली मांडले.

आता स्मरण कोठे असते हे पाहू. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली असा विचार मांडला की, एका पेशीच्या ठोक्याने दुसरी वारंवार कलंडत असेल तर त्या दोघींमधील संपर्क बळकट होत जातो. माळरानावरील पायवाट कोणी आखत नाही. लोक एकाच वाटेने जात राहिले की ती पडते आणि जाणे थांबले की तिच्यावर गवत उगवते. याचा अर्थ मेंदूत आठवणींची वेगळी कोठी नाही. ज्या जोडण्यांतून काम चालते त्यांच्यातच आठवण मुरलेली असते.

दप्तरखाना आणि शिपाई

संगणकाची बांधणी याच्या अगदी उलट आहे. एका इमारतीत दप्तरखाना आणि समोरच्या इमारतीत हिशेबनिसाचे टेबल आहे, अशी कल्पना करावी. दोहोंच्या मधे एक अरुंद दरवाजा आणि एक शिपाई. हिशेबनिसाला दोन आकड्यांची बेरीज करावयाची असेल तर शिपायाने पहिली फाइल आणावयाची, मग दुसरी आणावयाची आणि बेरीज झाली की तिसरी फाइल परत नेऊन ठेवावयाची. गेल्या काही दशकांत हिशेबनीस कल्पनेपलीकडे चपळ झाला. शिपाई त्या मानाने मागे राहिला. आजच्या संगणकात चिपबाहेरील स्मृतीतून एक संख्या आणण्यास जी ऊर्जा लागते, ती त्या संख्येवर साधी बेरीज करण्याच्या ऊर्जेपेक्षा शेकडो पट अधिक असते. प्रवासभत्ताच मूळ कामाहून भारी, असा हा प्रकार आहे.

स्मृती व गणनयंत्र यांची ही फारकत जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ सालच्या प्रसिद्ध अहवालाने रूढ केली. पुढे १९७७ साली जॉन बॅकस यांनी या अरुंद दरवाज्याला त्यांच्याच नावाची चिंचोळी मान म्हटले. नवल असे की, त्या अहवालात खुद्द फॉन नॉयमन यांनी मॅक्युलॉक व पिट्स यांच्या १९४३ सालच्या निबंधाचा आधार घेतला होता आणि तो निबंध चेतापेशींच्या तर्कशास्त्रावरच होता. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी त्यांची अपुरी राहिलेली व्याख्याने मृत्यूनंतर, १९५८ साली, प्रसिद्ध झाली. संगणकाच्या बांधणीत मेंदूची आठवण पहिल्यापासून होती. घेतली गेली ती मात्र केवळ तर्काची बाजू.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आहे तीही चेतापेशींच्या जाळ्यावरूनच सुचलेली आहे. परंतु ते जाळे बहुतेक वेळा आज्ञावलीत असते. ते चालते साध्याच धाटणीच्या चिपवर. जोडण्यांची बळे म्हणजे अब्जावधी आकडे. ते दप्तरखान्यातून टेबलाकडे सतत वाहून आणावे लागतात. शिपायाच्या खेपा त्यामुळे कमी न होता वाढल्या. या लेखाचा विषय असलेल्या चिपमध्ये जाळे आज्ञावलीत नसून चिपच्या बांधणीतच असते. प्रत्येक कारकुनाची वही त्याच्याच खणात राहावी आणि निरोप पाठविण्याजोगे काही घडले तरच त्याने शेजाऱ्याला चिठ्ठी द्यावी, अशी ही व्यवस्था आहे.

गळणाऱ्या नळाचा उपयोग

या विद्येला नाव आणि दिशा देणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेचे कार्व्हर मीड. एका चिपवर लक्षावधी ट्रान्झिस्टर कसे मांडावेत याचे शास्त्र घडविणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्याच संस्थेतील जीवशास्त्रज्ञ मॅक्स डेलब्रुक यांच्या सहवासात त्यांचे लक्ष चेतापेशींकडे वळले. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. साध्या संगणकात तो एक तर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, एवढ्या दोनच स्थितींत वापरला जातो. परंतु बंद नळही थोडा गळतोच. अभियंत्यांच्या लेखी ही गळती म्हणजे केवळ नुकसान. मीड यांच्या ध्यानात आले की, या अर्धवट बंद स्थितीत विजेचा दाब किंचित बदलला तर गळती ज्या नियमाने वाढते, तशाच स्वरूपाचा नियम चेतापेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारांनाही लागू पडतो. मग चेतापेशीचे गणित आकड्यांत मांडून सोडवीत बसण्याची गरज काय? गळक्या नळाकडून ते आपोआप होऊ द्यावे! या विषयावरील मीड यांचा ग्रंथ १९८९ साली निघाला.

त्यांच्या प्रयोगशाळेत मिशा माहोवाल्ड ही विद्यार्थिनी आली. ती मूळची जीवशास्त्राची. डोळ्यांतील दृष्टिपटलावर पेशींचे थर असतात हे तिला पुस्तकातून नव्हे, विषय म्हणूनच ठाऊक होते. तिने व मीड यांनी त्या थरांची नक्कल सिलिकनवर केली. एक थर प्रकाश टिपतो. दुसरा थर आजूबाजूच्या प्रकाशाची सरासरी काढतो आणि तिसरा त्या दोहोंमधील फरक तेवढा पुढे पाठवितो. परिणामी, सारख्या प्रकाशाच्या भिंतीविषयी ही चिप फारसे काही बोलत नाही. वस्तूची कडा आली किंवा काही हालले की ती बोलू लागते. मानवी डोळ्याला होणारे काही दृष्टिभ्रम या सिलिकनच्या दृष्टिपटलालाही झाले. यंत्राची चूक ही येथे यशाची खूण ठरली, हे प्रस्तुत लेखकास या साऱ्या इतिहासात सर्वांत मनोहर वाटते. त्या दोघांचा लेख १९९१ साली एका अमेरिकी विज्ञान मासिकात आला. माहोवाल्ड पुढे झुरिच येथे गेल्या आणि १९९६ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी मागे ठेवलेली आणखी एक युक्ती आज या क्षेत्राचा कणा झाली आहे. मेंदूत पेशीपेशींना जोडणारे कोट्यवधी धागे आहेत. चिपवर इतक्या तारा घालणे अशक्य. तारेतील वीज मात्र मेंदूतील ठोक्यापेक्षा लाखो पट वेगाने पोचते. तेव्हा सर्व पेशींना मिळून थोड्याच तारा द्याव्यात आणि जी पेशी कलंडेल तिने त्या तारेवर फक्त आपला पत्ता टाकावा. मजकूर लिहावयाचा नाही, कारण ठोक्याला मजकूर नसतोच. पोस्टात केवळ पाठविणाऱ्याचा पत्ता लिहिलेले कोरे पाकीट टाकावे आणि ते कोणाकोणाच्या दारी जावे हे टपाल कचेरीच्या यादीवरून ठरावे, तसा हा प्रकार. पाकीट कोणाचे आणि केव्हा आले, यातच सारे कळते.

झुरिच येथील संशोधकांनी २००८ साली या तत्त्वावर एक कॅमेरा सिद्ध केला. त्या चमूत मॅक्स डेलब्रुक यांचे चिरंजीव टोबी होते. साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस पूर्ण चित्रे घेतो. रात्री कचेरीच्या रिकाम्या व्हरांड्याकडे रोखलेला कॅमेरा त्याच भिंतीची आणि त्याच बाकाची लक्षावधी चित्रे घेत राहतो. झुरिचच्या कॅमेऱ्यात १२८ गुणिले १२८ बिंदू होते आणि प्रत्येक बिंदू स्वतंत्र होता. आपल्यापुरता उजेड ठराविक प्रमाणात बदलला तरच बिंदूने पत्ता पाठवावयाचा. व्हरांड्यातून मांजर गेले तर मांजराच्या कडेवरचे बिंदू तेवढे बोलतील, बाकीचे गप्प. अशा धर्तीचे कॅमेरे आज बाजारात मिळतात आणि कारखान्यांतील वेगवान यंत्रांवर नजर ठेवण्यासाठी वापरलेही जातात.

मधमाशीइतक्या पेशी

मीड यांचा मार्ग गळतीचा, म्हणजे मोजूनमापून न येणाऱ्या प्रवाहांचा होता. एकसारख्या दिसणाऱ्या दोन नळांची गळती कधी तंतोतंत सारखी नसते आणि लाखो नळांचा मेळ घालणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. म्हणून मोठ्या कंपन्यांनी हाती घेतलेल्या चिपमध्ये पेशी कलंडण्याचे गणित आकड्यांतच ठेवले गेले. मेंदूकडून उचलली ती दोन तत्त्वे : स्मृती कामाच्या जागीच ठेवावयाची आणि ठोका आला तरच हालचाल करावयाची.

यातील पहिली मोठी चिप म्हणजे आयबीएम कंपनीने २०१४ साली जाहीर केलेली ‘ट्रूनॉर्थ’. तिचे काम पाहणाऱ्या चमूचे प्रमुख धर्मेंद्र मोढा हे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. या चिपवर ५४० कोटी ट्रान्झिस्टर होते. त्यांची ४,०९६ खात्यांत विभागणी केलेली होती आणि प्रत्येक खात्यात २५६ कृत्रिम पेशी होत्या. एकूण दहा लाखांवर पेशी आणि पंचवीस कोटींवर संपर्कस्थाने. चालताना लागणारी वीज सुमारे ७० मिलिवॅट, म्हणजे विजेरीच्या लहानशा दिव्यालाही कमी पडेल एवढी.

दहा लाख पेशी मधमाशीच्या मेंदूतही असतात. तिळाएवढ्या त्या मेंदूच्या बळावर मधमाशी दूरवर जाऊन फुलोरा शोधते, वाट न चुकता पोळ्यावर परतते आणि फुलोऱ्याची दिशा नाचून इतरांना सांगते. ट्रूनॉर्थने रस्त्याच्या चित्रफितीत माणसे, सायकली व मोटारी ओळखून दाखविल्या. तेही तिला स्वतः शिकता येत नव्हते. जोडण्यांची बळे आधी दुसऱ्या संगणकावर ठरवून मग चिपमध्ये भरावी लागत. पेशींची संख्या सारखी झाल्याने मेंदू सारखा होत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

चिपने काम करता करता शिकावे, ही सोय इंटेल कंपनीने २०१७ साली जाहीर केलेल्या ‘लोइही’ या चिपमध्ये होती. हेब यांची पायवाट येथे प्रत्यक्षात उतरविली गेली. २०२० साली या चिपवर वास ओळखण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ७२ रासायनिक संवेदकांनी टिपलेल्या नोंदींवरून दहा घातक रसायने ओळखावयाची होती. प्राण्यांच्या मेंदूतील घ्राणकेंद्राच्या रचनेवरून बेतलेले जाळे चिपवर बसविण्यात आले आणि एकेका वासाचा एकच नमुना दाखवून ते शिकले. नवा वास शिकताना जुना विसरला नाही, हेही महत्त्वाचे. कारण प्रचलित पद्धतीच्या जाळ्यांत हे विस्मरण नेहमीची अडचण असते. या चिपच्या दुसऱ्या आवृत्तीचे १,१५२ नग जोडून इंटेलने एप्रिल २०२४ मध्ये ‘हाला पॉइंट’ हे यंत्र अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेस दिले. त्यात ११५ कोटी पेशी व १२,८०० कोटी संपर्कस्थाने मावतात आणि ते अधिकात अधिक २,६०० वॅट वीज घेते. मानवी मेंदूच्या सुमारे पंचाहत्तराव्या हिश्श्याइतक्या पेशी आणि शंभराहून अधिक पट वीज, असा हा हिशेब पडतो.

मँचेस्टर विद्यापीठाने तिसरीच वाट धरली. तेथील स्टीव्ह फर्बर यांनी दहा लाख लहान लहान प्रक्रियक एकत्र जोडून ठोक्यांची टपाल व्यवस्था उभारली आणि २०१८ साली हे संपूर्ण यंत्र सुरू झाले. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना आपल्या कल्पना तपासून पाहता याव्यात, हा त्याचा मुख्य हेतू. फर्बर हे नाव आपल्याकडील काही ज्येष्ठ शिक्षकांच्या कानावरून गेले असेल. १९८४-८५ साली ‘क्लास’ या केंद्रीय योजनेखाली देशातील सुमारे अडीचशे शाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक बसविण्यात आले, त्यांच्या शिल्पकारांपैकी ते एक होत.

विशेषणांची वाढ

प्रसिद्धिपत्रके लिहिण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याला विशेषणे कशी वाढतात हे सांगावयास नको. मेंदूच्या एखाद्या गुणावरून सुचलेली रचना पहिल्या पत्रकात ‘मेंदूच्या धर्तीची’ असते, दुसऱ्यात ‘मेंदूसारखी’ होते आणि मथळ्यात पोचेपर्यंत ‘कृत्रिम मेंदू’ होऊन बसते. कॅमेऱ्यांपासून हजेरीयंत्रांपर्यंत नाना वस्तूंच्या माहितीपत्रकांत आता हे शब्द दिसू लागले आहेत आणि अशी पत्रके जिल्ह्याजिल्ह्यांतील खरेदी समित्यांपुढे येतात. तेथे विचारावयाचा प्रश्न साधा आहे : स्मृती आणि गणन एका जागी आहे काय, आणि काही घडत नसताना हे यंत्र किती वीज घेते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वीजमापकाने तपासता येते.

अडचणीही मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. ठोक्यांवर चालणाऱ्या जाळ्याला शिकविणे कठीण आहे. प्रचलित जाळ्यांना शिकविण्याचे गणित हळूहळू बदलणाऱ्या आकड्यांवर बेतलेले आहे. ठोका एक तर असतो किंवा नसतो, त्यामुळे ते गणित येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यांना दशकानुदशके हिशेबनीस-शिपाई पद्धतीचीच सवय आहे आणि निरनिराळ्या चिपसाठी निरनिराळी साधने शिकावी लागतात. शिवाय सतत काम असेल तेथे गप्प राहण्याचा फायदा मिळत नाही. संततधार पावसात वाटी कलंडतच राहते.

या संदर्भात मोढा यांच्या चमूचे पुढचे पाऊल बोलके आहे. २०२३ साली त्यांनी ‘नॉर्थपोल’ ही २,२०० कोटी ट्रान्झिस्टरांची चिप प्रसिद्ध केली. तीत ठोके नाहीत. ती प्रचलित पद्धतीचीच जाळी चालविते. मात्र चालविण्यास लागणारी सर्व स्मृती चिपच्या २५६ खात्यांतच विखरून ठेवलेली आहे आणि चालू कामात बाहेरच्या दप्तरखान्याकडे जावे लागत नाही. चित्रे ओळखण्याच्या एका प्रमाणित चाचणीत, तेवढ्याच सूक्ष्म बांधणीच्या प्रचलित चिपपेक्षा तिने एकेका युनिट ऊर्जेत सुमारे २५ पट काम केले. दोन तत्त्वांपैकी एक सोडून दिल्यावर मिळालेला हा लाभ आहे. शिपायाच्या खेपा वाचविणे हेच सध्या अधिक पदरात पडणारे काम आहे, असा त्याचा अर्थ लावावयास हरकत नाही. ठोक्यांचे तत्त्व मात्र जेथे बराच काळ काहीच घडत नाही आणि घडले तर ते तत्काळ कळावयास हवे, अशा जागी, म्हणजे पहारा देणाऱ्या कॅमेऱ्यात किंवा कानाच्या यंत्रात, अधिक शोभेल असे दिसते.

पेशी व संपर्कस्थाने यांच्यासाठी नवी द्रव्ये शोधणे ही या कामाची आणखी एक शाखा. लिऑन चुआ यांनी १९७१ साली गणितावरून असे भाकीत केले की, आपल्यातून किती वीज वाहून गेली याची आठवण ठेवणारा रोधक असू शकतो. शेतातल्या पाटाने पाणी वाहील तसे रुंद व्हावे आणि पाणी थांबल्यावरही तेवढेच रुंद राहावे, तशी ही वस्तू. अशी वस्तू हाती लागल्याचे एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने २००८ साली जाहीर केले. एकाच कणाने जोडणीचे बळ साठवावे आणि गुणाकारही करावा, अशी तिच्याकडून अपेक्षा आहे.

आपल्या देशातही या दिशेने काम चालू आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सिलिकनमधील विद्युत्कण अडथळ्याची भिंत ओलांडण्याऐवजी तिच्यातून पाझरतात, या पुंज भौतिकीतील गुणाचा उपयोग करून अत्यल्प विजेवर चालणारी कृत्रिम चेतापेशी तयार केली. तिची माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या चमूने सप्टेंबर २०२४ मध्ये रेण्वीय पातळ पापुद्र्याचे एक साधन जगापुढे ठेवले. साध्या संगणकातील स्मृतीचा कण शून्य आणि एक या दोनच स्थिती जाणतो. या पापुद्र्याच्या एकेका बिंदूला सुमारे १६,५०० वेगवेगळ्या स्थिती धारण करता येतात आणि साठवण व गणन त्याच जागी होते. जेम्स वेब दुर्बिणीने पाठविलेल्या नोंदींवरून दूरच्या तेजोमेघाचे चित्र उभे करण्याचे काम त्यांनी टेबलावरील साध्या संगणकाला हे साधन जोडून पार पाडले. हा पापुद्रा सिलिकनच्या चिपशी एकजीव करून संपूर्ण देशी बनावटीची चिप तयार करणे हे आपले पुढील उद्दिष्ट असल्याचे त्या चमूने त्याच वेळी सांगितले.